सूत कुणाचं, नाव कुणाचं



कापडाचा इतिहास लिहिणारे पंडित मागापासून सुरुवात करतात. माग, विणकर, पेठ, सावकार, राजाचा दरबार, मग साहेबाची आगबोट. माझं म्हणणं असं की ही सुरुवातच उशिराची आहे. मागाच्या आधी सूत येतं. सुताच्या आधी पेळू, पेळूच्या आधी पिंजलेला कापूस, त्याच्या आधी सरकी काढणं, आणि त्याच्याही आधी भर उन्हात ओटीत बोंडं वेचणं. या साखळीत मागापर्यंत पोचेस्तोवर बहुतेक कामं बाईची. मागावर बाप्या बसला की इतिहास सुरू होतो, तोवर जे झालं ते म्हणे घरकाम.

मी सूतगिरणीत काम करतो. रिंग फ्रेमवर एका बाजूला शेकडो चात्या असतात आणि एकेक चाती मिनिटाला पंधरा हजारांहून जास्त फेरे घेते. आमच्या आजीच्या आजीच्या रहाटाला चाती एकच. ती एक चाती हाताच्या वेगाने फिरायची. या दोन चात्यांच्या मधे जे घडलं ते कुणी आम्हाला सांगितलं नाही. शाळा लवकर सुटली, म्हणून जे मिळेल ते वाचत गेलो. वाचलेलं आणि कामावर कळलेलं जुळवून हे लिहितोय. कारण आज पुन्हा सगळीकडे आरडाओरड चालू आहे: ग्रामीण महिला कारागिरांना आधार द्या, परंपरागत वस्त्रकला जगवा, टिकाऊ कापड वापरा. आधार द्यावाच. पण कुणाला, कशासाठी, किती रुपयांचा, ते इतिहास तपासल्याशिवाय ठरवू नये. नाहीतर परंपरेच्या नावाखाली आपल्याच आयाबहिणींना परत त्याच उंबऱ्याआड बसवतील.

१

आधी विदर्भाकडे बघू. कोकणात, देशावर आपली माणसं येसकर, तराळ, वेठबिगार. पण नागपूर-भंडारा-वर्ध्याकडे चित्र थोडं वेगळं होतं. तिकडचे महार विणकर होते. जाडंभरडं कापड विणायचे. गावच्या कुणब्याच्या अंगावरचा पंचा, मजूर बाईचं लुगडं, पांघरायची पासोडी, यातलं पुष्कळसं आपल्या वस्तीतल्या मागावरून उतरायचं. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्यप्रांतातल्या जातींवर चार खंडांचा ग्रंथ छापला, त्यातही महारांच्या विणकामाची नोंद आहे. बारीक काठाचं, रेशमी किनारीचं काम कोष्ट्यांचं. जाडं काम आपलं.

आता इथे थांबून विचार करा. ज्या माणसाची सावली चालत नाही, ज्याला विहिरीच्या काठावर उभं राहू देत नाहीत, त्याच्या हाताने विणलेलं कापड मात्र गाव अंगाला लावत होतं. कापड धुतलं की चालतं, पाणी शिंपडलं की चालतं, अशा सोयी शास्त्राने काढून ठेवल्याच होत्या. विटाळाला नेहमीच सवर्णाच्या सोयीचं दार असतं. आपल्याला हे पुढे गिरणीत पुन्हा दिसणार आहे.

एका मागाला दिवसभर सूत पुरवायचं तर अनेक रहाट चालावे लागत. एका विणकरामागे घरातल्या आणि शेजारपाजारच्या बाया कातत. म्हातारी, विधवा, नवऱ्याने टाकलेली, बाळंतपणातून नुकती उठलेली, जिला शेतात जाववत नाही अशी कुणीही रहाट घेऊन बसायची. या कामाला भांडवल जवळजवळ लागत नव्हतं. बाजारात लडी नेली की चार दाणे मिळायचे. विधवेच्या हातात स्वतःचे म्हणून पैसे देणारी कामं आपल्या समाजात किती होती? बोटावर मोजण्याएवढी. त्यातलं हे एक.

आणि सूत झालं तरी काम संपत नव्हतं. सूत उकलायचं, ताणा लावायचा, खळ द्यायची, कांड्या भरायच्या. ताणा रस्त्यावर पसरला की सगळं कुटुंब दोन्ही बाजूंनी कुंचे घेऊन फिरायचं. बाई कांड्या भरून देईल तेव्हा धोटा पळणार. पण नोंदवहीत 'विणकर' एकच, घरचा कर्ता. बाकी सगळी 'घरची माणसं'.

२

मग हे मोडलं कसं?

१८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं. गुलामगिरीच्या प्रश्नावरून. तिकडचा कापूस मँचेस्टरला जायचा बंद झाला. साहेबाची नजर वऱ्हाडावर आणि हिंगणघाटच्या कापसावर पडली. कापसाच्या देखरेखीसाठी खास कॉटन कमिशनर नेमला गेला, रिव्हेट-कार्नाक नावाचा. १८६७ मध्ये आगगाडी नागपूरला पोचली. १८७० मध्ये खामगावला फाटा गेला, त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय मेयो आला. आगगाडी जाताना कापसाच्या गाठी घेऊन गेली, येताना सुताच्या आणि कापडाच्या गाठी घेऊन आली. सरकारी अधिकाऱ्यांना हे हवंच होतं. देशी विणकर मागावरून उठून शेतावर कापूस पिकवायला गेला तर बरंच, असा त्यांचा हिशेब होता.

नीट बघा, आधी कोण मेलं. विणकर एकदम मेला नाही. त्याला गिरणीचं सूत स्वस्त मिळायला लागलं, ते घेऊन तो आणखी काही वर्षं, काही ठिकाणी काही पिढ्या, विणत राहिला. कोष्टी आजही आहेत. मेली ती कातणारी. गिरणीच्या सुतापुढे तिची एक चाती उभी राहूच शकत नव्हती. घराघरातले रहाट माळ्यावर गेले, मग चुलीत गेले. विणकरांच्या हलाखीवर अहवाल निघाले, दुष्काळात त्यांच्यासाठी मदतीची कामं निघाली. कातणारीसाठी अहवाल कोण काढणार? ती कामगार आहे असं मानलंच नव्हतं, मग बेकार झाली असं कसं मानणार?

जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये विलायती मालाने इथल्या साळी-कोष्ट्यांची अन्नान्नदशा झाल्याचं लिहून ठेवलं. शेतकरी, कारागीर आणि शूद्रातिशूद्र यांचं दुखणं एकाच ठिकाणचं आहे हे ओळखणारा तो पहिला माणूस. त्यांच्या नंतर राष्ट्रवाद्यांनी विलायती कापडाविरुद्ध पुष्कळ आरोळ्या दिल्या, पण गावकुसाबाहेरचा माग त्यात कुठे दिसला नाही.

३

१ जानेवारी १८७७. त्या दिवशी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली, आणि त्याच दिवशी जमशेटजी टाटांची गिरणी नागपूरला सुरू झाली. म्हणून तिचं नाव एम्प्रेस मिल. मुंबईत पहिली कापडगिरणी कावसजी दावरांची, १८५४ मध्ये कंपनी उभी राहिली आणि १८५६ मध्ये काम सुरू झालं. माग मोडलेली, जमीन नसलेली, बलुतं तुटलेली माणसं भोंग्यामागे धावली. आपली माणसं त्यात होती, आपल्या बायाही होत्या.

बायांना गिरणीत मिळालं काय? वाइंडिंग आणि रीळ. म्हणजे सूत उकलणं आणि गुंडाळणं. घरी कांड्या भरायची तीच बाई आता मुकादमाच्या नजरेखाली कांड्या भरायला लागली. साच्यावर पुरुष, गुंडाळायला बाई. वाटणी घरातून उचलून तशीच्या तशी कारखान्यात आणून ठेवली. १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने बायांचा दिवस अकरा तासांचा केला, आणि त्याला सुधारणा म्हणायचं.

आणि आपल्या पुरुषांना? मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात, म्हणजे साच्यांवर, अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. का, तर धोट्यातली कांडी बदलताना सुताचं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागे. अस्पृश्याच्या तोंडाची उष्टी कांडी सवर्ण साचेवाला कशी तोंडाला लावणार! साच्यांवर पगार जास्त. आपल्याला कताई खात्यात आणि झाडलोटीत ठेवलं. नागपूरकडचे आमचे पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या कापड विणून गावाला नेसवत होते, आणि इथे कापड विणायला अस्पृश्य नालायक ठरला. विटाळ कापडाला कधीच लागला नाही, पगाराला लागला. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांच्या तोंडावर फेकला. कामगार तितुका एक म्हणता, मग विणाई खात्याचं दार आमच्यासाठी का बंद? लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना ही मागणी घ्यावी लागली, पण मनापासून नाही. वर्गाच्या लढाईत जात लपवून ठेवली की ती कुजते. हे तेव्हाच कळायला हवं होतं.

त्याच १९२८ साली मुंबई विधिमंडळात गिरणीतल्या बाईला बाळंतपणाची पगारी रजा देणाऱ्या बिलाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. हिंदुस्थानात असा कायदा पहिलाच. मालकांनी काय केलं? रजा द्यावी लागते म्हणून, रात्रपाळीला लावता येत नाही म्हणून, आणि पुढे नवी यंत्रं आली म्हणून, बायाच कमी करायला घेतल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांत साधारण एक बाई होती. १९८२ चा संप झाला तेव्हा खात्यांत बाया मोजक्याच उरल्या होत्या. संपाने अडीच लाख कामगारांच्या संसारांची राखरांगोळी झाली, त्याच्यावर पुष्कळ लिहिलं गेलं. पण त्याच्या आधी पन्नास वर्षं बाया एकेक करून गेटबाहेर जात होत्या, त्याच्यासाठी एक दिवसाचाही संप झाल्याचं मला कुठे वाचायला मिळालं नाही.

आपल्या बाया मात्र गप्प नव्हत्या. जुलै १९४२, नागपूर. अखिल भारतीय दलित महिला परिषद, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. पंचवीस हजारांच्या आसपास बाया जमल्या होत्या असं बाबासाहेबांनीच लिहून ठेवलंय. तिथे ठराव काय झाले? गिरणीतल्या, विडी कारखान्यातल्या कामकरी बायांना पगारी रजा, इजा झाली तर भरपाई, म्हातारपणी पेन्शन, आणि बायांवर देखरेख करायला बाईच नेमा. ऐंशी वर्षं होऊन गेली. आज ज्याला 'महिला सक्षमीकरण' म्हणतात त्याच्या पत्रकात यातल्या किती गोष्टी असतात ते तुम्हीच बघा. पत्रकात कौतुक असतं, पेन्शन नसतं.

४

आता चरख्याकडे येतो. कारण परंपरागत कारागीर बाईला आधार देण्याची कल्पना या देशात मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा तिथून आली.

गांधींना चरखा शोधून द्यावा लागला ही गोष्ट फार बोलकी आहे. आश्रमात माग आले होते, पण सूत गिरणीचं. हाताने कातणारं कुणी सापडेना. शेवटी गंगाबेन मजुमदार नावाच्या विधवा बाईने गुजरातभर पायपीट करून बडोदे संस्थानातल्या विजापूरला रहाट शोधून काढले. तिथल्या घरांच्या माळ्यांवर ते पडून होते. पेळू मिळाले तर आम्ही कातू, विकत घेणार असाल तर कातू, असं त्या बाया म्हणाल्या. म्हणजे कला विसरली नव्हती. गिऱ्हाईक मेलं होतं. हे वाक्य आजच्या सगळ्या योजनांच्या दारावर लिहून ठेवायला पाहिजे.

१९२५ मध्ये अखिल भारत चरखा संघ झाला. देशभर बाया कातायला लागल्या. त्यात आपल्या बाया होत्या, मुसलमान बाया होत्या. पण मजुरी? दिवसभर कातून आणा-दोन आणे, तेवढ्यातच. खादी देशभक्तीच्या नावावर विकली जात होती आणि ती कातणारी अर्धपोटी होती. दहा वर्षं असंच चाललं. १९३५ मध्ये खुद्द गांधींनीच हा प्रश्न धसाला लावला. आठ तासांच्या कामाला आठ आणे मिळाले पाहिजेत असं त्यांचं म्हणणं. संघातलेच लोक घाबरले. मजुरी वाढवली तर खादी महाग होईल, खपणार नाही. शेवटी मजुरी वाढवायचा ठराव झाला, पण आठ आण्यांपर्यंत ती गेली नाही. जे खरं ते खरं म्हणायला पाहिजे: कातणारी ही मजूर आहे आणि तिला पोटापुरतं मिळालंच पाहिजे, हे त्या चळवळीने उशिरा का होईना, लेखी मान्य केलं.

पण बाबासाहेबांनी वेगळाच प्रश्न विचारला. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं यावरच्या १९४५ च्या पुस्तकात त्यांनी चरख्याच्या अर्थकारणाचा समाचार घेतला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: माणसाला पोटासाठीच दिवसरात्र राबावं लागलं तर तो शिकणार कधी, विचार करणार कधी? फुरसत नाही तिथे संस्कृती नाही, आणि फुरसत यंत्र देतं. यंत्राने वाईट झालं असेल तर दोष यंत्राचा नाही, ते ज्यांच्या मालकीचं आहे त्या व्यवस्थेचा.

आता आपल्यापैकी काहीजण याचा अर्थ असा काढतात की हातमाग, हातकाम, भरतकाम हे सगळं मागासलेलं, टाकून द्या, मुलींना शहरात पाठवा. मला हे पटत नाही. बाबासाहेबांचा वाद हाताशी नव्हता. हाताला जन्माने बांधून टाकण्याशी होता. हाताने केलेलं काम जर बाईने स्वतः निवडलेलं असेल, त्याची पुरती मजुरी असेल, आणि दुखणाऱ्या जागी यंत्राला मज्जाव नसेल, तर त्या कामात गुलामगिरी कुठे आहे? आणि उलटं सांगू? यंत्रावर बसूनही गुलाम राहता येतं. बारा तास पाळी मारून, ठेकेदाराच्या हजेरीबुकात नावसुद्धा नसलेली बाई मी रोज वाइंडिंगला बघतो.

५

या कसोटीवर आजची दोन उदाहरणं तपासू.

पहिलं कोशाचं. भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या भागात ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरचे किडे वाढवतात. हे काम मुख्यतः धिवर समाजाचं. त्या धाग्यातून आंधळगावसारख्या गावांत करवतकाठी लुगडं विणतात. किनारीला करवतीसारखे दाते, आणि ते काढायला तीन धोटे लागतात. फार देखणं काम आहे. त्याला सरकारी भौगोलिक मानांकनही मिळालंय. पण कोशातून धागा निघतो कसा? छत्तीसगड, झारखंड, बिहार, ओडिशाकडे पिढ्यान्‌पिढ्या बाया उकडलेल्या कोशातला धागा उघड्या मांडीवर हाताने वळून काढत आल्या. मांडी सोलते, चट्टे पडतात, पाठ मोडते. शहरातल्या प्रदर्शनात याच धाग्याच्या साडीवर 'हाताने काढलेलं सूत' अशी चिठ्ठी लागते आणि भाव वाढतो. ही परंपरा. हिलाच जगवायचं का?

केंद्रीय रेशीम मंडळाने अलीकडच्या वर्षांत 'बुनियाद' नावाचं छोटं रीळयंत्र आणलं, मांडीवर धागा काढणं बंद व्हावं म्हणून. खेड्यात बसून चालवता येतं. काम बाईचंच राहिलं, गावातच राहिलं, कातडी तेवढी वाचली. बाबासाहेब म्हणत होते ते यंत्र हेच. कलेवर प्रेम करणाऱ्या ज्या माणसाला हे यंत्र खुपतं, त्याने आठवडाभर स्वतःच्या मांडीवर धागा काढून बघावा.

दुसरं उदाहरण गुजरातचं. अहमदाबादला इला भट्टांनी १९७२ मध्ये 'सेवा' ही स्वतःच्या कष्टावर पोट भरणाऱ्या बायांची युनियन काढली. मजूर महाजन या गिरणी कामगारांच्या संघटनेच्या छायेतच ती वाढली. गिरणीतून फेकलेल्या चिंध्या जोडून गोधड्यांच्या खोळी शिवणाऱ्या बाया, बहुतेक मुसलमान, व्यापाऱ्याकडून नगाला काही पैसे मिळवायच्या. त्यांनी संघटित होऊन भाव मागितला. व्यापाऱ्यांनी त्यांचं काम तोडलं. मग बायांनी स्वतःची सहकारी संस्था काढली. चिंधी आमच्या गिरणीतली, शिवण तिची, दुकान आता तिचंच.

१९८१ साली गुजरातेत राखीव जागांविरुद्ध दंगे पेटले. दलितांच्या वस्त्या जळाल्या. 'सेवा' दलितांच्या बाजूने उभी राहिली, आणि मजूर महाजनने तिला बाहेर काढलं. कामगारांच्या संघटनेने कामकरी बायांच्या संघटनेला, दलितांची बाजू घेतली म्हणून, दार दाखवलं! १९२८ चं विणाई खातं आठवा. दार बदललं होतं, कडी तीच होती. पण त्या बाया मोडल्या नाहीत. पुढे बनासकांठ्यात, जिथे दुष्काळ पडला की माणसं गाव सोडून जायची आणि व्यापारी बायांचं जुनं भरतकाम मातीमोल भावात उचलून न्यायचे, तिथे भरतकाम करणाऱ्या बायांच्या मंडळ्या झाल्या. २००३ मध्ये तर अशी कंपनी उभी राहिली जिच्या भागधारक भरतकाम करणाऱ्या बायाच आहेत. सगळं सोन्याचं झालं असं मी म्हणत नाही. पण मेहेरबानी आणि मालकी यातला फरक इथे उघड दिसतो.

६

आता सरकारी आकडा बघा. २०१९-२० च्या चौथ्या हातमाग गणनेत देशात ३५ लाखांवर हातमाग कामगार निघाले. त्यात शंभरातल्या बहात्तर बाया. म्हणजे आजचा विणकर ही बाईच आहे. बाप्ये कुठे गेले? जिथे चार पैसे जास्त मिळतात तिथे गेले. काम स्वस्त झालं की ते बाईकडे येतं, हा आपला जुना कायदा. त्याच गणनेत दोन तृतीयांश विणकर कुटुंबांची महिन्याची कमाई पाच हजारांच्या आत निघाली. कुटुंबाची, एका माणसाची नव्हे. २०१५ पासून ७ ऑगस्टला राष्ट्रीय हातमाग दिवस पाळतात. आणि २०२० मध्ये, तोच दिवस दहा दिवसांवर आलेला असताना, अखिल भारतीय हातमाग मंडळ बरखास्त केलं गेलं. दिवस ठेवला, मंडळ घालवलं.

म्हणून टिकाऊपणाच्या गोष्टी ऐकताना मी विचारतो, टिकायचं कुणी? कापड शंभर वर्षं टिकेल, रंग झाडपाल्याचा असेल, मातीला त्रास नसेल. चांगलं आहे. पण कापूस वेचणारीच्या हाताला औषधाची चाटण लागते, कांड्या भरणारीला वेगळी मजुरी नाही, भरतकाम करणारीचे डोळे चाळिशीत जातात. ती टिकत नसेल तर कापडाच्या टिकण्याला काय चाटायचंय?

मला वाटतं, कुठल्याही योजनेला, संस्थेला, प्रदर्शनाला आपण पाच प्रश्न विचारावेत.

एक. मजुरी नगावर आहे की तासावर? तासावर हिशेब केला तर शेतमजुरीच्या कायदेशीर किमान दराएवढी तरी पडते का?

दोन. कांड्या भरणं, ताणा लावणं, खळ देणं, धागा काढणं ही कामं मोजली जातात का? त्याचे पैसे कुणाच्या हातात पडतात?

तीन. ओळखपत्र, सोसायटीचं सभासदत्व, बँकेचं खातं कुणाच्या नावावर आहे? नवऱ्याच्या असेल तर ती योजना नवऱ्याची.

चार. जिथे हाड दुखतं, कातडी सोलते, डोळा जातो, तिथे यंत्र आणू देतात का? की परंपरा बिघडेल म्हणून अडवतात?

पाच. तिच्या मुलीला हे काम नको असेल तर तिला शाळा, वसतिगृह, दुसरी वाट आहे का? ज्या कलेतून मुलीला बाहेर पडता येत नाही त्या कलेला आपण ओळखतो. तिचं खरं नाव जात आहे.

या पाचांना होकार असेल तर जा, विकत घ्या, मदत करा, सभासद व्हा, चार माणसं जोडून द्या. नसेल तर तो आधार म्हणजे जुन्या बलुत्याला नवीन पिशवी.

७

शेवटी आपल्या घरातलीच एक गोष्ट. आपल्यापैकी कुणाच्या घरी वाकळ नव्हती? फाटलेलं लुगडं, धोतर, बापाचा गिरणीतून आणलेला चिंधीचा गठ्ठा, सदऱ्याच्या पाठी, असं एकावर एक घालून आपल्या आज्यांनी लांब लांब टाके घातले. विकत आणलेलं त्यात काही नाही. शिकवणी नाही, नमुन्याचं पुस्तक नाही. तरी प्रत्येकीची टाके घालायची रीत वेगळी. आता शहरांतल्या मोठ्या दुकानांत तीच वाकळ भिंतीवर लागते, हजारोंच्या भावाने विकते. तिला कुणी गरिबीची खूण म्हणत नाही आता, कला म्हणतात. म्हणू देत. आमची हरकत नाही. हरकत एवढीच की टाका कुणाचा ते चिठ्ठीवर नसतं.

हा इतिहास कुणी विद्यापीठातून येऊन लिहून देईल म्हणून वाट बघू नका. नागपूर-भंडाऱ्याकडच्या मित्रांनी आपल्या वस्तीतल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला विचारावं: आजी, तुमच्या घरात माग होता का? रहाट कुणाचा होता? खळ कशाची करायचे? शेवटचं लुगडं कुणी विणलं? मुंबई-सोलापूरकडच्यांनी विचारावं: तू कुठल्या खात्यात होतीस, किती पगार होता, बाळंतपणाला सुट्टी मिळाली का, गेटबाहेर कधी काढलं? उत्तरं तिच्याच बोलीत उतरवून घ्या. शुद्धलेखन सुधारू नका. तिला विचारून तिचं नाव लिहा, आणि तिला वाचून दाखवा.

सुताला सुरुवात असते आणि शेवट असतो. मधे गाठी असतात. गिरणीत आम्हाला शिकवतात, तुटलेला धागा सापडला की आधी दोन्ही टोकं शोध, मग जोड. एक टोक गावाकडच्या म्हातारीच्या हातात आहे, दुसरं आज मागावर, भरतकामावर, वाइंडिंगवर बसलेल्या पोरीच्या हातात. ती म्हातारी फार दिवस थांबणार नाही. पुढच्या अंकाच्या आत एक तरी टोक शोधून पाठवा.